लेकरांच्या तोंडाकडे पाहून

मरोदा सेक्टरातील एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गेल्या हिवाळ्यात आम्ही दहाबारा मराठी मंडळी जमलो होतो आणि विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचीत होतो. वाचन संपल्यावर चर्चा सरावाच्या वाटेने गेली. नाथ देवळालीकरांचा ध्येयवाद कितपत खरा, अरुण आठवले हे पात्र रंगविताना नाटककाराने दलित समाजावर अन्याय केला की काय, ज्योती शेवटी नवऱ्याकडे परत जाते ती निष्ठेने की बापावरील रागाने, असे जे प्रश्न १९८३ पासून ह्या नाटकाभोवती घुटमळत आले आहेत, तेच आमच्याही वाट्यास आले. सर्वांचे बोलणे आटोपल्यावर, तोपर्यंत गप्प बसलेल्या एक निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "ते सगळं खरं हो, पण ज्योतीच्या पोटातल्या लेकराचं पुढं काय झालं असेल?"

पडदा पडल्यानंतरचे विचारू नये, हा समीक्षेचा पहिला धडा आम्हां सर्वांस पाठ होता. त्यामुळे एकदोघे हसले आणि चहा आला. परंतु तो प्रश्न आम्हांस सोडीना. आज तो वाचकांपुढे मांडावयाचा आहे, आणि तो एका नाटकापुरता न ठेवता एकंदर मराठी साहित्यास विचारावयाचा आहे. ज्या घरात बाईवर हात उगारला जातो, त्या घरातील मूल आमच्या लेखकांना कितीसे दिसले?

मराठीत एक वाक्प्रचार घरोघर चालतो. 'लेकरांच्या तोंडाकडे पाहून दिवस काढले,' असे सोसलेल्या बाया सांगतात, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. ह्या वाक्प्रचाराची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात पाहणारी आई आहे आणि पाहिले जाते ते मुलाचे तोंड. त्या तोंडावर दोन डोळे आहेत, आणि तेही काही पाहत आहेत, ही गोष्ट वाक्प्रचारात कोठेच येत नाही. मूल हे आईच्या सोसण्याचे कारण ठरते. त्याचे स्वतःचे सोसणे मात्र हिशेबात धरले जात नाही. आमच्या साहित्यानेही बहुतांशी हाच वाक्प्रचार गिरविला, असे आम्हांस वाटते. जेथे त्याने तो मोडला, तेथे मात्र काही असामान्य लिहिले गेले.

तेंडुलकरांपासूनच आरंभ करू. अरुण आठवले मारहाणीचे समर्थन करताना आपल्या बालपणाकडे बोट दाखवितो. बाप रोज पिऊन येई, आईला अर्धमेली करी, आणि तिचे ते रडणे अजून आपल्या कानांत आहे, असे तो सांगतो. 'सखाराम बाइंडर' (१९७२) मधील सखारामही बापाच्या माराला कंटाळून अकराव्या वर्षी घरातून पळाल्याचे सांगतो. एक दलित वस्तीतला, दुसरा ब्राह्मणाच्या घरचा. परंतु दोघांच्याही मागे भिंतीशी अंग चोरून उभे असलेले एक पोर आहे. तेंडुलकरांनी त्या पोराला पाहिले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र रंगभूमीवर ते पोर येते ते मोठे होऊन, हातात पट्टा घेऊन. त्याचे बालपण आपल्याला कळते ते आरोपीच्या जबानीतून, आणि तेही गुन्हा घडून गेल्यावर.

ह्याच नाटकात आणखी एक मूल आहे, त्याच्याकडे टीकाकारांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले. फौजदार शिंद्याने चंपेला तिच्या आईकडून आणले ते ती वयात येण्यापूर्वीच, आणि पुढे तिचे जे हाल केले ते ती एका दमात सांगून टाकते. म्हणजे सखारामच्या त्या घरात एका छपराखाली दोन छळलेली मुले मोठेपणी भेटतात. मुलगा पळाला तो सुटला. मुलगी पळाली, तेव्हा तिला धरून परत नेण्यात आले. मोठा होऊन मुलगा मारू लागतो. मुलगी दारूत स्वतःला बुडविते आणि अखेर त्याच्याच हातून मरते. बालपणीच्या माराचे पुढे काय होते, ह्याचे उत्तर मुलगा आणि मुलगी ह्यांच्यासाठी वेगळे आहे, हे ह्या एका नाटकाने जितके रोखठोक दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

येथेच एक धोकाही आहे. मार पाहिलेले पोर मोठेपणी मारणारच, असा समज अशा चित्रणांतून दृढ होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे नोंदविले आहे. आणि ज्यांनी आईला बापाच्या हातचा मार खाताना पाहिले त्या मुलींच्या वाट्यास पुढे तोच भोग अधिक प्रमाणात येतो, असेही ह्या पाहण्या दाखवीत आल्या आहेत. वारसा आहे, हे खरे. परंतु अधिक प्रमाण म्हणजे अटळ प्राक्तन नव्हे. ज्यांनी तो वारसा नाकारला त्यांची संख्याही मोठी असते, आणि नाट्य त्यांच्या आयुष्यातही असते. ते आमच्या रंगभूमीला फारसे दिसले नाही, ह्याचे कारण उगारलेला हात रंगमंचावर दिसतो, आवरलेला दिसत नाही.

आता मागे जाऊ. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. यमूची ही आत्मकथा केशवपनाच्या प्रसंगासाठी स्मरली जाते. आम्हांस ती तिच्या आरंभीच्या प्रकरणांसाठी मोलाची वाटते. तेथे वडिलांचा दरारा, आईचे दबून राहणे आणि मोठ्यांच्या कुजबुजीचा अर्थ लावू पाहणारी दोन मुले, यमू आणि तिचा दादा, आहेत. आपट्यांनी निवेदन मुलीच्या तोंडी घातले, आणि त्यामुळे मोठ्यांच्या वागण्यावर प्रथमच खालून, मुलाच्या उंचीवरून, प्रकाश पडला. यमूची मैत्रीण दुर्गी हिचा नवरा तिला छळतो, तेव्हा मार खाणारी पत्नी आणि मार खाणारे मूल ही दोन माणसे राहतच नाहीत. दुर्गी दोन्ही आहे. संमतिवयाचा कायदा १८९१ सालचा, आणि त्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढ्यावरच केवढे वादळ उठले होते! त्याच काळात एक कादंबरीकार एका पोरीला आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगू देत होता, हे धैर्य कलेचे तसेच माणुसकीचेही होते.

आणखी एक गोष्ट आपट्यांनी ओळखली. यमू तगते, कारण तिचे ऐकणारा दादा आहे. तो तिचे सारे संकट निवारू शकत नाही. पण ती सांगते ते त्याला खरे वाटते. आज मुलांच्या मनाचे जाणकार सांगतात की, अशा घरातील मुलाला एक तरी विश्वासाचे मोठे माणूस लाभले तर ते सावरते. आपट्यांच्या पानांत ते आधीच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यांच्या आजोबांना सत्तावनच्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना, म्हणजे नानांना, सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाची, मीठसुद्धा सुटावयाचे नाही! ह्या वेडापायी घरातल्या बायकामुलांची जी तारांबळ होई, ती लक्ष्मीबाई अशा सांगतात की वाचक हसून लोटपोट होतो. हे हसणे वरवरचे नाही. बापाच्या पावलांची चाहूल घेत वाढलेल्या मुलीने मोठेपणी त्या भीतीला जे रूप दिले ते हे आहे. मोठे होऊन मारणे वा मरणे ह्यांखेरीज तिसरीही वाट असते. लक्ष्मीबाई सांगत्या झाल्या, आणि कोणाचाही द्वेष न करता सांगत्या झाल्या.

नानांच्या घराचे आणखी एका कारणासाठी स्मरण ठेवले पाहिजे. त्या घरात दारूचा थेंब नव्हता. जे होते ते शुचितेच्या नावाने. घरातील दहशत ही दारूची, दारिद्र्याची वा अमुक एका जातीची मिरास आहे, असे मानणाऱ्यांनी 'कन्यादान' आणि 'स्मृतिचित्रे' शेजारी ठेवून वाचावी. केवळ अरुणकडे बोट दाखवून ज्यांना हायसे वाटते, त्यांनी आपल्या आजोळपणजोळच्या माजघरात एकदा डोकवावे.

येथे कोणी 'श्यामची आई' (१९३५) पुढे करील. श्यामही मार खातो. पोहायला जाण्याचे टाळून लपून बसतो तेव्हा आई त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते. मग ते घरही ह्याच पंक्तीत बसवावयाचे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, तथापि प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. श्यामला आपण का मार खाल्ला हे ठाऊक आहे. मारणारी नंतर त्याला जवळ घेते, तीही रडते. आणि मुलाची आठवण हा त्या पुस्तकाचा श्वास आहे. दहशतीच्या घरात मुलाला मार केव्हा आणि कशासाठी येईल हे कधीच कळत नाही. आणि त्याविषयी पुढे कधी बोलावयाचे नाही, हेही त्याला न सांगता कळते. भेद वळांच्या संख्येत नाही, तो ह्यात आहे. तरीही आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, तीन पिढ्यांनी हे पुस्तक वाचताना मार हीच माया, असा सोपा अर्थ काढला, आणि साने गुरुजींना जे कधी अभिप्रेत नव्हते त्याला त्यांचा आधार दिला. दोष पुस्तकाचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे.

ह्या सोप्या अर्थाला सर्वांत कठोर उत्तर दिले ते बाबुराव बागुलांच्या 'आई' ह्या कथेने. आरंभीच शाळेत मास्तर आईवरची एक वत्सल कविता शिकवीत आहेत. वर्गात बसलेल्या एका झोपडपट्टीतल्या पोराची आई ह्या कवितेत मावणारी नाही. त्याचा बाप क्षयाने झिजत गेला आणि मरेपर्यंत बायकोवर संशय घेऊन तिला छळीत राहिला. बाप मेला, संशय मात्र मेला नाही. तो आता पोराच्या डोळ्यांत उतरला आहे, आणि ज्या आईने त्याच्यासाठी सारे सोसले तिच्याकडे तो मेलेल्या बापाच्या नजरेने पाहू लागतो. 'लेकरांच्या तोंडाकडे पाहून' ह्या वाक्प्रचाराचा असा उलटा अर्थ मराठीत दुसऱ्या कोणी लिहिला असल्यास आमच्या वाचनात नाही. ज्या तोंडाकडे पाहून आई जगली, त्याच तोंडाने तिला आरोपी ठरविले. घरातील अत्याचार मुलाकडून काय हिरावून घेतो, तर केवळ सुख वा झोप नव्हे. आईवर निःशंक प्रेम करण्याचा त्याचा हक्कच तो हिरावून घेतो.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये हाच धागा आत्मकथेत येतो. तेथे दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे वाढलेल्या माणसाने आपल्यातल्या पोराला बोलावयास बसविले आहे. बापाचे व्यसन आणि आईची फरपट त्या पोराने पाहिली. पुढे तोच आपल्या पत्नीवर, सईवर, संशय घेऊन तिला दूर लोटतो. पवार हे लपवीत नाहीत आणि त्याला बालपणाचे कारणही चिकटवीत नाहीत. अरुण आठवल्याची जबानी आणि ही कबुली ह्यांत मोठे अंतर आहे. पहिला आपल्या आईचे रडणे स्वतःच्या बचावासाठी वापरतो. दुसरा ते रडणे स्वतःविरुद्ध पुरावा म्हणून मांडतो. साक्षीदार होणे ह्याला म्हणतात.

साक्ष देणे मात्र सोपे नसते. बेबी कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. महारवाड्यातील सुनांचे हाल त्यांनी हातचे न राखता लिहिले. स्वतःच्या संसारातील मारहाण मात्र त्या पुस्तकात नाही. ती त्यांनी पुढे, २००८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादासाठी दिलेल्या मुलाखतीत सांगितली. हे लेखनही त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. समाजाची वेदना बोलू शकणारी एवढी निर्भय लेखणीही घराच्या उंबऱ्याशी थबकते, तर त्या उंबऱ्याआतल्या सातआठ वर्षांच्या मुलाच्या जिभेची काय कथा?

हे सारे ज्या बाईंच्या प्रश्नामुळे आठवले, त्यांना आम्ही पुढे एकदा गाठले. त्यांनी जे सांगितले ते येथे नोंदविणे अगत्याचे आहे, कारण ते आमच्यासारख्या परप्रांतीय वस्त्यांचे आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि त्याच्या आगेमागे विदर्भातून पुष्कळ कुटुंबे येथे आली. मुली लग्न होऊन येत. माहेर नागपूरकडे, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून दूर. शेजारी तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी. नवी सून हिंदीत अडखळे. मूल शाळेत जाऊन दोन वर्षांत हिंदी सफाईने बोलू लागे. त्यामुळे आईला लागलेले असले की दवाखान्यात तिची दुभाषी तिची मुलगीच होई. "माँ सीढ़ी से गिर गई," हे वाक्य आपल्या वर्गातल्या एका पोरीला तोंडपाठ होते, असे बाई म्हणाल्या. आणि त्या क्वार्टरला जिनाच नव्हता. बाईंनी तेव्हा काय केले? "काही नाही केलं," त्या म्हणाल्या. "घरातलं आहे, आपण कोण बोलणार, असं वाटलं. रोज मधल्या सुट्टीत तिला माझ्याजवळ बसवून घेई, एवढंच."

एवढेच, पण ते थोडे नव्हते. तथापि ते पुरेसेही नव्हते, हे बाईंनाच ठाऊक आहे. एरवी त्यांनी तो प्रश्न विचारला नसता. आईची खोटी साक्ष आईच्याच रक्षणासाठी देणारी ती मुलगी कोणत्या मराठी कथेत आहे? आम्ही स्मरणाची पाने चाळली, ती सापडली नाही. परप्रांतातल्या मराठी लेखनात गावाची ओढ, गणेशोत्सव आणि भाषेची चिंता भरपूर आहे. भाषा मुलाच्या तोंडी अशी ओझे होऊन येते, ही चिंता तीत नाही.

'घरातले आहे' ह्या शब्दांना आमच्या परिसरानेच एकदा उत्तर दिले होते. मरोदा स्थानकावरून जाणारी गाडी दल्ली राजहराच्या लोहखाणींकडे जाते. तेथे शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांनी मजुरी वाढवून घेतली, आणि वाढलेली मजुरी दारूत जाऊ लागली. तेव्हा त्यांच्या संघटनेने दारूबंदी हे कामगारांच्याच लढ्याचे काम मानले आणि स्त्रिया त्यात हिरिरीने उतरल्या. घरात जे चालते ते चारचौघांत बोलण्याचे आहे, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. नियोगींचा १९९१ साली भिलाईत खून झाला. तो धडा मात्र पुसला जाण्याचे कारण नाही.

कायद्यालाही मूल दिसावयास वेळ लागला. 'कन्यादान' ज्या वर्षी रंगभूमीवर आले त्याच १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. त्यात पत्नीचा छळ गुन्हा ठरला, मुलाचा उल्लेख नव्हता. १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात जो विशेष कक्ष उघडला, तो स्त्रिया आणि मुले ह्या दोघांसाठी, आणि तेथे मुलाचे नाव पाटीवर तरी लागले. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देण्याची, बापाची भेट मुलास अपायकारक असेल तर ती नाकारण्याची, आणि पीडित व्यक्ती मूल असेल तर छळणाऱ्यास त्याच्या शाळेत शिरण्यास मनाई करण्याची सोय केली. आज १०९८ हा क्रमांक मूल स्वतः फिरवू शकते. ह्या तरतुदी आवश्यकच आहेत. परंतु तो क्रमांक फिरविण्यापूर्वी मुलाला असे वाटावे लागते की, आपण सांगू ते कोणी तरी खरे मानील. तो विश्वास कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. तो घरातल्या दादाकडून येतो, मधल्या सुट्टीतल्या बाईंकडून येतो, आणि काही अंशी ज्या गोष्टी ऐकत मूल वाढते त्यांतूनही येतो.

म्हणून आमचे मागणे लेखकांकडे आहे, आणि आमच्यासारख्या वाचकांकडेही. सोसणाऱ्या आईची आरती पुष्कळ झाली. मारणाऱ्या पुरुषाच्या मनाचे विश्लेषणही झाले. आता जिना नसलेल्या घराच्या जिन्यावरून आई पडली असे सांगणाऱ्या त्या मुलीला, ती लहान आहे तोवरच, बोलू द्यावे. ती मोठी होऊन काय झाली ह्यावर तिचे मोल ठरवू नये. ती घाबरली होती, एवढे कारण तिच्यावर लिहिण्यास पुरेसे आहे.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही पुस्तक निवडले आहे. बाईंनीच ते सुचविले, आणि यमूचा भाग आपण स्वतः वाचू असे सांगितले. पुस्तकाचे नाव घेताना त्या क्षणभर थांबल्या. ते नाव म्हणजे एक प्रश्नच आहे, आणि तो गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी वाचकांना विचारला जात आहे: पण लक्षात कोण घेतो?